फोन काऊन तापून राहिला?

मे महिन्यातली नागपूरची दुपार. बाबा आपला जुना फोन पालथा करून कूलरच्या झोतात धरून बसले होते. “काऊन तापून राहिला रे हा? एक मारबतीच्या मिरवणुकीचा व्हिडिओ तर पाहिला.”

उन्हावर ढकलणं सोपं होतं. पण भाचीच्या नव्या फोनवर तोच व्हिडिओ चालू होता आणि तो हाताला जेमतेम कोमट लागत होता. अ‍ॅपमधली तांत्रिक माहिती उघडली. दोन्हीकडे एकच कोडेक, एव्ही-१.

कोडेक म्हणजे व्हिडिओची घडी घालायची आणि पोचल्यावर ती उलगडायची पद्धत. फुल एचडी चित्रात वीस लाखांवर ठिपके असतात, सेकंदाला अशी किमान २५ चित्रं. घडी न घालता पाठवली तर दीड जीबीचा पॅक वीस सेकंदही पुरायचा नाही.

म्हणून कोडेक कामचुकारपणा करतो. नागपूरच्या झिरो माइल स्तंभाचा व्हिडिओ घ्या. दगडी खांब आणि घोडे हलत नाहीत, ते एकदा पाठवले की झालं. समोरून जाणारा ऑटोही पुन्हा काढायचा नाही. ‘मघाचाच ठोकळा जरा डावीकडे सरकव’ एवढाच निरोप धाडायचा. मारबतीच्या गर्दीत मात्र प्रत्येक डोकं वेगळ्या दिशेला. सरकवण्याजोगं फारसं काही हाती लागत नाही, मग चित्राचे चौकोन फुटतात.

२००३च्या एच.२६४ मध्ये हे ठोकळे १६ बाय १६ ठिपक्यांचे. २०१८च्या एव्ही-१ मध्ये ते १२८ बाय १२८ पर्यंत मोठे होतात आणि जिथं बारकावा असेल तिथं बारीक चिरले जातात. डेटा बराच वाचतो, पण घडी उलगडायचं गणित वाढतं.

ते गणित कोण करतं, यावर सगळं आलं. एच.२६४ उलगडणारं सर्किट जवळपास प्रत्येक स्मार्टफोनच्या चिपमध्ये असतं. भाचीच्या फोनमध्ये एव्ही-१चंही आहे. बाबांच्या फोनमध्ये ते नाही, त्यामुळे तिथं मुख्य प्रोसेसरला सॉफ्टवेअरच्या जोरावर राबावं लागतं.

जुनं तंत्र काढून टाकता येतच नाही असं नाही. ब्राउझरमध्ये व्हिडिओ चालवणाऱ्या अ‍ॅडोबीच्या फ्लॅश या सॉफ्टवेअरची गोष्ट वेगळी होती. २००५मध्ये यूट्यूब सुरू झालं ते फ्लॅशवरच. २०१० साली अ‍ॅपलच्या स्टीव्ह जॉब्सनं त्याच्यावर जाहीर टीका केली, २०१५च्या जानेवारीत यूट्यूबनं फ्लॅशविना थेट ब्राउझरमध्ये चालणारा एचटीएमएल-५चा प्लेअर मुख्य केला, आणि १२ जानेवारी २०२१पासून अ‍ॅडोबीनं फ्लॅश चालणंच थांबवलं. तरी दहाएक वर्षं गेलीच की! पण ते शेवटी सॉफ्टवेअर, तारीख ठरवून काढता आलं. चिपमध्ये नसलेलं सर्किट कुठल्या अपडेटनं येणार? म्हणून एकाच व्हिडिओच्या जुन्या-नव्या कोडेकमधल्या प्रती सर्व्हरवर शेजारी शेजारी ठेवाव्या लागतात, बाबांसारख्यांचे फोन चालू आहेत तोवर.

मी क्वालिटी ४८०वर आणली. ठिपके कमी, गणितही कमी. थोड्या वेळानं फोनच्या पाठीला हात लावून पाहिला. बराच निवला होता.

“चित्र पुसट दिसते का, बाबा?”

“पिवळी मारबत दिसून राहिली न, बस झालं.”