कोयीतून हापूस मिळतो का?

"हापूसची कोय फेकू नका, कुंडीत लावा, तीन वर्षांत घरचा हापूस फुकट," असा संदेश वर्षानुवर्षं फिरतो आहे.

कोय रुजते, हे खरंच आहे. पण हापूसच्या कोयीत एकच गर्भ असतो आणि तो परागीकरणातून तयार झालेला असतो. त्यामुळे रोप आईसारखं निघेलच असं नाही. बहुतेकदा हाती येतो रायवळ, म्हणजे साधा गावठी आंबा. तोही फळायला सहा-दहा वर्षं घेतो. कोकणात कोय रुजवतात ती कलमासाठी. पानं अजून तांबूस असतानाच त्या कोवळ्या रोपावर हापूसची काडी बांधतात. हे कोयकलम. ते चार-पाच वर्षांत फळ धरतं.

रोपवाटिकेत गेलात की खोडाच्या खालच्या भागावरून बोट फिरवा. कलमाला सांध्याची गाठ लागते. खोड सलग गुळगुळीत असेल तर रोप कोयीचं समजा. लावल्यावर सांध्याखालचे धुमारे खुडत राहा, ते हापूसचे नसतात.

पैसे वाचवायला कुंडीत हापूस लावू नये, असं मला मनापासून वाटतं. अंगणात ऊन आणि जागा असेल तर कलम जरूर लावा. घाई असेल तर पपई लावा, ती वर्षभरात फळते.