चौथीचं वर्ष: वर्ग कसा चालतो आणि दाखला कुठे अडतो

"सर, दाखला ली गऊ, पन त्या लेतस नही."

जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या आठवड्यात हे वाक्य एकदा तरी ऐकावं लागतंच. पोरगं गावातल्या शाळेतून चौथी पास झालेलं असतं. बाप त्याला तालुक्याच्या शाळेत पाचवीला घालायला जातो आणि खिडकीतून कागद परत येतो. आधारवर नाव एक, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दुसरं. तो माझ्याकडे येतो. मी सांगतो की पोराचं नाव आता माझ्या रजिस्टरमधून कमी झालं. मग थोडा वेळ दोघंही पंख्याकडे बघत बसतो.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या कितीतरी खेड्यांत जिल्हा परिषदेची शाळा चौथीलाच संपते. पहिलीत घातलेली चूक चार वर्षं कुणाला दिसत नाही आणि शाळा सुटताना दिसते. म्हणून चौथीच्या पालकसभेत अभ्यासाइतकंच मी कागदांवर बोलतो. सभेला आया येतात, आणि कागद असतात बापाच्या नाहीतर आजोबांच्या पेटीत. तेव्हा हे घरी वाचून दाखवा.

चौथीत कोण बसू शकतं? तिसरी झालेलं मूल तर बसतंच. जे मधेच सुटलं किंवा कधी शाळेतच गेलं नाही, तेही वयाप्रमाणे चौथीत बसू शकतं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात तशी तरतूद आहे. सरकारी शाळेत फी नाही, पुस्तकं आणि दुपारचं जेवण शाळेतून मिळतं.

कागदांच्या बाबतीत मात्र दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. प्रवेशाला काय लागतं ते एक, आणि पुढे अडू नये म्हणून काय लागतं ते दुसरं. जन्माचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून मुलाला बाहेर बसवता येत नाही. आधार नाही म्हणूनही नाही. कुणी म्हणालं, "आधी आधार आणा, मग बसवतो," तर भांडू नका. तेच कागदावर लिहून मागा. लिहून द्यायची वेळ आली की बहुधा पोरगं वर्गात बसतं.

मग आम्ही शिक्षक आधारसाठी तुमच्या इतके मागे का लागतो? खरं सांगतो. शाळेला किती शिक्षक मिळणार हे संचमान्यतेत ठरतं, आणि त्यात आधार जुळलेली मुलंच धरली जातात. चाळीस पोरं वर्गात बसलेली डोळ्यांना दिसतात, पण ऑनलाइन चौतीसच "वैध" असली तर उरलेली सहा सरकारच्या लेखी नाहीतच. हा नियम कुणाच्या डोक्यातून निघाला माहीत नाही, पण त्याने निम्मा जुलै वर्गाबाहेर जातो.

आता जन्मदाखला. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. जन्माची नोंद बाळ जिथे जन्मलं तिथेच होते, वडिलांच्या गावी नाही. तरी लोक सासरच्या ग्रामपंचायतीत हेलपाटे घालतात, ग्रामसेवक भाऊसाहेबांवर चिडतात, आणि नोंद मात्र चोपड्याच्या नाहीतर शिरपूरच्या दवाखान्याच्या हद्दीत पडलेली असते. दुसरा प्रकार सुरतचा. आपली निम्मी भावकी उधना-लिंबायतला असते आणि पोरं तिकडेच जन्मतात. दाखला गुजराती लिपीत येतो, त्यात वसावेचं वसावा होतं, आणि घाईत आडनाव राहून गेलेलंही मी पाहिलंय. असा दाखला बिनकामाचा नाही. पण दुरुस्ती जिथे नोंद झाली तिथेच होते, इथल्या कुठल्याही सेतूत नाही. दिवाळीला सुरतला जाणारच असाल तर मूळ दाखला, आई-वडिलांचे आधार आणि पोराचं शाळेचं बोनाफाइड पिशवीत टाकून न्या.

तिसरा प्रकार सर्वांत जास्त सापडतो. दाखला आहे, तारीख बरोबर आहे, फक्त बाळाच्या नावाची जागा रिकामी. बारसं व्हायच्या आधी नोंद झाली आणि नंतर कुणी फिरकलं नाही. हा दाखला लोक प्लास्टिकमध्ये घालून नऊ वर्षं जपतात, आणि तो पोराचाच आहे हे मात्र त्यातून सिद्ध होत नाही. घाबरू नका. नोंदीपासून 15 वर्षांपर्यंत नाव टाकता येतं, त्यासाठी थोडं विलंब शुल्क पडतं. चौथीतलं मूल त्या मुदतीत आहे. दहावीच्या फॉर्मच्या वेळी जागे झालात तर कदाचित नसेल.

नोंदच झालेली नसेल, जसं धडगाव-अक्कलकुव्याकडे घरी झालेल्या बाळंतपणांत होतं, तर काम लांबचं आहे. वर्ष उलटून गेलेल्या नोंदीला दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. एजंटला पैसे देऊन आणलेला दाखला पुढे तपासणीत टिकत नाही, आणि मग निस्तरायला एजंट सापडत नाही.

दुरुस्तीचा क्रम लक्षात ठेवा, कारण इथेच सगळे चुकतात. आधी जन्मदाखला, मग आधार, मग शाळेची नोंद. लोक नेमकं उलटं करतात. जवळच्या केंद्रात आधार बदलणं सोपं म्हणून तेच आधी उरकतात. आधारवरची जन्मतारीख एकदाच बदलता येते आणि नाव दोनदा. ती एक संधी चुकीच्या तारखेवर घालवली की पुढचं सगळं जड जातं. इंग्रजी स्पेलिंगही नीट बघा. वैष्णवीच्या नावात एक "ए" जास्त पडला म्हणून तिचा अपार आयडी, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याला मिळणारा कायमचा ओळख क्रमांक, अडलेला आहे, आणि तो आयडी तयार होईपर्यंत वरून आम्हाला रोज विचारणा होते.

आधारचंच आणखी एक. पाच वर्षांच्या आत काढलेल्या निळ्या आधारवर बोटांचे ठसे नसतात. पाच वर्षं झाली की ठसे आणि नवा फोटो द्यावा लागतो, आणि सातनंतरही दिला नाही तर ते आधार बंद पडू शकतं. चौथीच्या वर्गात दरवर्षी चार-पाच पोरांच्या आधारवर अजून कुंची घातलेल्या बाळाचा फोटो निघतो. 1 ऑक्टोबर 2025 पासून वर्षभर 7 ते 15 वयाच्या मुलांचं हे काम मोफत ठेवलेलं आहे. कुणी पैसे मागितले तर पावती मागा.

शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मुख्याध्यापकाला स्वतःच्या मनाने खाडाखोड करता येत नाही. अर्ज आणि पुरावा घेऊन प्रस्ताव वर पाठवावा लागतो. मूल शाळेत असेपर्यंत हे जमतं. शाळा सुटली की फार अवघड. म्हणून दिवाळीच्या आत शाळेत या आणि रजिस्टरमधली स्वतःच्या पोराची ओळ डोळ्यांनी वाचा. वाचता येत नसेल तर पोराकडून वाचून घ्या, चौथीत आहे तो. नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, तारीख आणि जात. वडील गावात राजू आणि आधारवर राजेंद्र असतील तर रजिस्टरात राजेंद्र हवं. जातीच्या रकान्यात "हिंदू पाटील" लिहिलेलं असेल तर ताबडतोब सांगा. आपल्याकडे पाटील मराठ्यांत आहेत, लेव्यांत आहेत, गुजरांत आहेत, कोळ्यांतही आहेत. आडनावावरून जात लिहिणाऱ्या गुरुजींमुळे लोकांनी जातीच्या दाखल्यासाठी प्रांत कार्यालयात वर्षं घालवलीत. आजोबांचा जुना दाखला घरात असेल तर त्यावर जे आहे तेच लिहून घ्या.

आता वर्ग. परिपाठ चुकवू नका. प्रार्थना, प्रतिज्ञा, दिनविशेष हे मुलं आळीपाळीने घेतात, आणि लाजाळू पोरगं चार लोकांसमोर पहिल्यांदा तोंड उघडतं ते तिथेच. उन्हाळ्यात सकाळची शाळा असते. मार्च संपत आला की भुसावळच्या उन्हाची गोष्ट वेगळी सांगायला नको. पोराला पाण्याची बाटली द्या.

विषय चार-पाचच: मराठी, गणित, इंग्रजी आणि परिसर अभ्यासाचे दोन भाग, शिवाय कला, कार्यानुभव, खेळ. परिसर अभ्यासाच्या दुसऱ्या भागात शिवाजी महाराजांचा इतिहास आहे, तो तुम्हालाही चौथीतच होता. पोराला तो वाचून दाखवायला सांगा. अफझलखानापर्यंत आला की घरचे सगळे ऐकायला बसतात, हा माझा अनुभव आहे. पहिल्या भागात दिशा आणि नकाशा येतो. यावल-रावेरच्या पोरांना उत्तर विचारली की ती न बघता सातपुड्याकडे हात करतात. त्यांना नकाशा शिकवणं सोपं जातं. शहरातून आलेलं मूल पंख्याकडे बघतं.

गणितात पोरं अडतात भागाकारात आणि अपूर्णांकात. याला शिकवणीची गरज नाही. कापसाचं वजन होत असताना, केळीचा हिशेब चालू असताना त्याला जवळ बसवा. "पावणेतीन क्विंटल म्हणजे किती किलो?" एवढं रोज एकदा विचारा. पाढे पाठ हवेत, यात तडजोड नाही.

भाषेबद्दल एक विनंती. पोरगं घरी अहिराणी, लेवा बोली, भिलोरी, पावरी, जे काही बोलतं ते बोलू द्या. "शुद्ध बोल" म्हणून त्याला गप्प करू नका. वर्गात अहिराणीत पटकन उत्तर देणारं पोर दोन वर्षांत मराठीत लिहायला लागतं. गप्प केलेलं पोर दोन्ही भाषांत गप्पच राहतं.

चौथीत नापास करत नाहीत. आकारिक (वर्षभर चालणारं) आणि संकलित (सत्राच्या शेवटी होणारं) मूल्यमापन होतं, श्रेणी मिळते. पण याचा अर्थ "चौथीत अभ्यास नाही केला तरी चालतं" असा लावू नका. पाचवीच्या वर्षाअखेरीच्या परीक्षेत आता नापास करता येतं, आणि पाचवीत अडणारं मूल खरं म्हणजे तिसरी-चौथीतच अडलेलं असतं.

शिष्यवृत्ती परीक्षेचा गोंधळ दरवर्षी होतो. मधली जवळपास 10 वर्षं ही परीक्षा पाचवी-आठवीला होती, ती आता पुन्हा चौथी-सातवीला आली. मोठ्या भावाने पाचवीत दिली म्हणून धाकट्याचं वर्ष थांबवू नका. फॉर्म तुम्ही भरत नाही, शाळा भरते, महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या संकेतस्थळावर. म्हणून तुमची शेवटची तारीख ती नाही जी पेपरात छापून येते. तुमची तारीख म्हणजे मुख्याध्यापक मागतील तो दिवस. पेपर दोन. पहिल्यात भाषा आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी. प्रत्येकी 150 गुण, वेळ दीड तास. गणित आणि बुद्धिमत्तेला शंभर-शंभर गुण आहेत, हे कळलं की तयारी कशाची करायची ते कळतं. वयाची अट आहे, तीही पुन्हा जन्मतारखेवर येऊन थांबते. निवड झाली तर पैसे बँकेत येतात. पोराच्या नावाचं खातं आतापासून काढून ठेवा आणि आयएफएससी कोड पासबुकातून बघून द्या, आठवणीतून नको.

नवोदयचं, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेचं, स्वप्न असेल तर थांबा आणि हे वाचा. नवोदयची परीक्षा पाचवीत असते, सहावीच्या प्रवेशासाठी. 75 टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी. त्यासाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत पूर्ण झालेली हवीत. यातला एक दिवसही शहरी शाळेत गेला की मूल शहरी धरलं जातं. "चौथीपासून जळगावला टाकतो, तिथे चांगली तयारी होईल" म्हणून नेलेल्या हुशार पोरांचा ग्रामीण हक्क असाच गेलेला मी पाहिलाय. क्लासवाले हे सांगत नाहीत.

ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्यांसाठी: जायच्या आधी मला सांगा, रात्रीतून निघून जाऊ नका. मागे आजीकडे मूल ठेवता येत असेल तर हंगामी वसतिगृहाची चौकशी करू. नेणारच असाल तर शिक्षण हमी कार्ड घेऊन जा, ते दाखवून तिकडच्या शाळेत बसता येतं. सांगितलंत म्हणून मी ओरडणार नाही. न सांगता गेलात तर रजिस्टरात महिनोन्‌महिने "गैरहजर" लागतं आणि शिष्यवृत्तीपासून सगळ्याला ते नडतं.

शेवटी दाखला. निकाल 1 मेला लागतो आणि दुसऱ्या दिवसापासून शाळा रिकामी. एप्रिलमध्येच अर्ज द्या, त्यावर जायच्या शाळेचं नाव लिहा. दाखल्याला पैसे लागत नाहीत. हातात घेतला की बाहेर पडायच्या आधी तिथेच उभं राहून आधारशी अक्षर न्‌ अक्षर जुळवून बघा. आणि कागद मिळाला म्हणजे झालं असं नाही. पोराचं नाव ऑनलाइनही नव्या शाळेत सरकावं लागतं. नवी शाळा मागणी करते, आम्ही इकडून सोडतो. जुलै संपत आला तरी तिकडचे सर "तुमच्या जुन्या शाळेतच अडकलंय" म्हणत असतील तर तुम्ही हेलपाटे घालू नका, त्यांना मला फोन करायला सांगा. नंबर दाखल्यावर शिक्क्याखाली आहे.