सिंगापूरचा पैसा ठाणे-बेलापूर पट्ट्यात कसा पोहोचला

नवी मुंबईतल्या घणसोलीच्या एका आयटी इमारतीचं भाडं सिंगापूरच्या शेअर बाजारात नोंदलेल्या एका ट्रस्टकडे जातं. तिथे ट्रस्टचे हिस्से, म्हणजे युनिट, घेतलेल्यांना त्यातून नियमित वाटा मिळतो. या ट्रस्टमागे कॅपिटालँड हा समूह आहे.

२००० साली पिडेमको लँड आणि डीबीएस लँड या दोन कंपन्या एकत्र आल्या आणि कॅपिटालँड उभी राहिली. मोठी भागधारक सिंगापूर सरकारची गुंतवणूक कंपनी टेमासेक. भारतातला पाया मात्र असेंडास या सिंगापूरच्याच दुसऱ्या कंपनीने घातला. १९९४ मध्ये सुरू झालेल्या बंगळुरूच्या आयटी पार्कची घडी याच कंपनीने बसवली. २००७ मध्ये तिने भारतातल्या मालमत्तांचा ट्रस्ट सिंगापुरात नोंदवला आणि २०१९ मध्ये असेंडासच कॅपिटालँडमध्ये विलीन झाली. पनवेलजवळची गोदामं, घणसोलीची इमारत, ऐरोलीतलं डेटा सेंटर ही सगळी त्याच वाटेवरची पुढची पावलं.

ही वाट मोकळी केली कायद्याने. मार्च २००५ मध्ये केंद्राने बांधकाम क्षेत्रात १०० टक्के थेट परकीय गुंतवणूक स्वयंचलित मार्गाने, म्हणजे सरकारच्या आगाऊ परवानगीविना, खुली केली. सुरुवातीला अटी कडक होत्या: किमान ५० हजार चौरस मीटर बांधकाम, मूळ पैसा तीन वर्षं अडकून. २०१४ मध्ये त्या सैल झाल्या, त्याच वर्षी शेअर बाजाराची नियामक सेबी हिचे रीटचे, म्हणजे भाड्याच्या इमारतींत पैसा गुंतवणाऱ्या ट्रस्टचे, नियम आले आणि २०२० मध्ये ऐरोलीत मोठं आयटी संकुल असलेला माइंडस्पेस रीट आपल्या शेअर बाजारातही नोंदला गेला.

पण माझ्या मते खरी पार्श्वभूमी त्याहून जुनी आहे. साठच्या दशकात एमआयडीसी या राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाने ऐरोली, रबाळे, घणसोली, महापे, तुर्भे या आगरी-कोळी गावांच्या भातशेतीवर ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा उभारला. १९७० मध्ये नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ आलं आणि ९५ गावांच्या जमिनी शहरासाठी निघाल्या. रास्त मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान फाट्यावर आंदोलन पेटलं. गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले, आणि पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतके विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. कारखाने बंद पडत गेले, तशा त्यांच्या मोठ्या, सलग जागा आयटी पार्कना मिळाल्या. रस्ता, वीज, पाणी आधीपासून होतंच, २००४ पासून ठाणे-वाशी लोकलही धावू लागली. परदेशी भांडवलाला हवं ते सगळं इथे तयार होतं.

गावठाणात वाढत्या कुटुंबांनी गरजेपोटी बांधलेल्या घरांच्या नियमितीकरणासाठी मात्र प्रकल्पग्रस्तांना शासन निर्णयांमागून शासन निर्णयांची वाट पाहावी लागली आहे.