लॉगिनला किती वेळ लागला, हे नेमकं कोणतं घड्याळ सांगतं?

पासवर्ड टाकून एंटर दाबलं, पडद्यावर गोल चिन्ह फिरायला लागलं आणि माणूस डेस्कटॉपची वाट बघत बसला. बघता बघता दीड मिनिट उलटलं. तिकडे तंत्रज्ञांच्या देखरेखीच्या फलकावर याच लॉगिनसमोर आकडा उमटला: २४ सेकंद. तक्रार करणारा वाढवून सांगत नाही आणि फलकावरचा आकडाही कोणी मुद्दाम कमी केलेला नाही. दोन घड्याळं वेगवेगळ्या क्षणी सुरू झाली आणि वेगवेगळ्या क्षणी थांबली. संथ लॉगिनचा तपास करताना सगळे दुरुस्तीला धावतात, मोजणारं घड्याळ मात्र कोणी उघडून बघत नाही. माझ्या मते तपासाची सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

ही गोष्ट व्हर्च्युअल डेस्कटॉपची. त्यावर काम करताना आपल्या टेबलावरचं यंत्र जवळपास नुसता पडदा असतं. खरा संगणक दूर डेटा सेंटरमध्ये असतो आणि तोही एका मोठ्या सर्व्हरवर चालणाऱ्या अनेक व्हर्च्युअल मशीनपैकी एक. एका सर्व्हरचे प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क या सगळ्या मशीनना वाटून देण्याचं काम हायपरव्हायजर नावाचं सॉफ्टवेअर करतं. तुम्ही जोडणी मागितली की ब्रोकर नावाचा मध्यस्थ मोकळी मशीन शोधून देतो. मग पडद्यावरचं चित्र नेटवर्कवरून तुमच्याकडे येतं आणि तुमच्या कीबोर्ड-माउसच्या हालचाली तिकडे जातात.

यात आणखी एक मेख आहे. पुष्कळ ठिकाणी लॉगआउट केलं की ती मशीन पुसून मूळ साच्यासारखी केली जाते. या साच्याला ‘गोल्डन इमेज’ म्हणतात. देखभालीच्या दृष्टीने ही सोय उत्तमच, पण त्यामुळे विंडोजच्या दृष्टीने तुमचं प्रत्येक लॉगिन नव्या घरातल्या पहिल्या दिवसासारखं ठरतं. तुमच्या सेटिंग्ज, फायलींच्या वाटा, प्रिंटर, सगळं दुसरीकडून आणून लावावं लागतं. घरच्या लॅपटॉपवर जे काम आयुष्यात एकदा होतं, ते इथे रोज सकाळी होतं.

आता लॉगिन आतून कसं दिसतं ते बघू. विंडोज प्रत्येक टप्प्याची नोंद इव्हेंट लॉगमध्ये करतं आणि प्रत्येक नोंदीला क्रमांक असतो. समजा एका मशीनवर अशा नोंदी सापडल्या. ९:०४:११ ला सिक्युरिटी लॉगमध्ये ४६२४, म्हणजे ओळख पटली. ९:०४:१२ ला यूजर प्रोफाइल सर्व्हिसची नोंद १, ९:०४:१९ ला नोंद २: प्रोफाइल, म्हणजे तुमच्या सेटिंग्जचा गठ्ठा, चढवायला ७ सेकंद गेले. त्याच सेकंदाला ग्रुप पॉलिसीची ४००१, म्हणजे संस्थेचे नियम लागू करायला सुरुवात. त्याचा शेवट सांगणारी ८००१ मात्र ९:०४:४७ ला. दोन सेकंदांनी एक्सप्लोरर, म्हणजे डेस्कटॉप रंगवणारा प्रोग्राम, सुरू झाला. ३८ सेकंदांपैकी २८ एकट्या ग्रुप पॉलिसीने खाल्ले, हे इथे उघड दिसतं.

त्या २८ सेकंदांच्या पोटातही शिरता येतं. ग्रुप पॉलिसीचा प्रत्येक भाग सुरू होताना ४०१६ ही नोंद होते आणि सुरळीत संपला की ५०१६. त्यात किती मिलिसेकंद गेले तेही लिहिलेलं असतं. एखाद्या भागाने २१ सेकंदांच्या आसपास वेळ घेतलेला दिसला, तर मी सगळ्यात आधी मेलेला सर्व्हर शोधतो. समोरून उत्तर आलं नाही, तर नेटवर्कवरची जोडणी सांभाळणारा टीसीपी लगेच हार मानत नाही. थांबून पुन्हा हाक मारतो आणि दर वेळी थांबण्याचा काळ दुप्पट करतो. विंडोजमध्ये वर्षानुवर्षे हा क्रम ३, ६ आणि १२ सेकंद असा राहिला, आणि त्यांची बेरीज २१. कधीकाळी बंद केलेल्या फाइल सर्व्हरचं किंवा प्रिंटरचं नाव पॉलिसीत तसंच राहिलेलं असतं आणि रोज सकाळी प्रत्येक लॉगिन त्या रिकाम्या घराची कडी वाजवत उभं राहतं. ती एक ओळ काढली की २१ सेकंद परत मिळतात. असा दोष हाती लागतो तेव्हा होणारा आनंद या कामातला सगळ्यात मोठा, असं मला वाटतं.

पण वरच्या हिशेबात ३८ सेकंदच निघाले. दीड मिनिटातला उरलेला वेळ दोन टोकांना गेला. सुरुवातीला ब्रोकरने मशीन शोधली. ती बंद असेल तर चालू केली, मग जोडणी केली. हे सगळं ४६२४ च्या आधीचं आहे, त्यामुळे मशीनच्या आतल्या नोंदींत ते येतच नाही. शेवटाचा घोळ याहून मोठा. एक्सप्लोरर सुरू झाला म्हणजे काम करता येतं असं नाही. नव्या प्रोफाइलवर अ‍ॅक्टिव्ह सेटअपची, म्हणजे प्रत्येकाच्या पहिल्या लॉगिनला एकदा करायची, कामं चालतात, अ‍ॅप्सची नोंदणी होते, अँटिव्हायरस प्रत्येक फाइल तपासतो. पडदा आलेला असतो, पण माउसला प्रतिसाद नसतो. लॉगिन स्क्रिप्टचं, म्हणजे लॉगिनसोबत आपोआप चालणाऱ्या आज्ञांच्या यादीचं, तर आणखीच वेगळं. विंडोज ८.१ पासून पॉलिसीतल्या लॉगिन स्क्रिप्ट आपण काही बदललं नाही तर लॉगिननंतर ५ मिनिटांनी चालतात. फलकावर लॉगिन झकास दिसतं आणि पाच मिनिटांनी, माणूस ऐन कामात असताना, यंत्र अडखळायला लागतं.

टप्प्यांची बेरीज एकूण वेळेशी जुळत नाही म्हणूनही अनेकजण बुचकळ्यात पडतात. काही टप्पे एकमेकांवर चढलेले असतात आणि काहींच्या मधे पोकळी असते. त्यामुळे बेरीज न जुळणं हा साधनाचा दोष असेलच असं नाही. टप्प्यांमधली पोकळी मात्र नेहमी तपासावी.

आता घड्याळांकडे वळू. ब्रोकर एका मशीनवर असतो, डेस्कटॉप दुसऱ्या. सुरुवातीची वेळ एकाने सांगितली आणि शेवटाची दुसऱ्याने, तर दोघांच्या घड्याळांतला फरक थेट उत्तरात मिसळतो. व्हर्च्युअल मशीनचं घड्याळ मुळातच नाजूक. हायपरव्हायजर इतर मशीनना वेळ देण्यासाठी हिला क्षणभर थांबवतो, कधी कधी तासन् तास गोठवूनही ठेवतो. जागी झाली की ती जुन्याच वेळेवर असते आणि मग वेळ जुळवणारी सेवा तिला ताळ्यावर आणते. नेटवर्कवरून घड्याळं जुळवण्याची एनटीपी ही पद्धत डेव्हिड मिल्स यांनी १९८५ मध्ये मांडली आणि आजही काम तिच्यावरच चालतं. लॉगिनची ओळख पटवणारी कर्बेरॉस यंत्रणा सहसा ५ मिनिटांपर्यंतचा फरक चालवून घेते. त्यामुळे घड्याळ ६ सेकंद मागे असलं तरी लॉगिन बिनबोभाट होतं, कुठेही चूक दिसत नाही. २४ सेकंदांच्या मोजमापात मात्र ६ सेकंद म्हणजे पाव हिस्सा. फलकावर एखाद्या टप्प्याची वेळ उणे दिसली तर ती झाकू नका. घड्याळ चुकल्याचा तितका स्पष्ट पुरावा दुसरा मिळत नाही.

काही वेळा आकडाच येत नाही. लॉगचा आकार ठरलेला असतो आणि तो भरला की जुन्या नोंदींवर नव्या चढतात. एक्सप्लोरर कधी सुरू झाला हे सांगणारी ४६८८ ही नोंद तर मुळात बंदच असते, ती ऑडिट पॉलिसीतून, म्हणजे काय नोंदवायचं ते ठरवणाऱ्या नियमांतून, चालू करावी लागते. आणि लॉगआउटनंतर मशीन पुसली गेली की तिच्यासोबत लॉगही जातात. म्हणून सत्र चालू असतानाच ते दुसरीकडे पाठवायला हवेत. आणखी एक फसवा प्रकार म्हणजे देखरेखीचा एजंट, म्हणजे मशीनमधून आकडे पाठवणारा छोटा प्रोग्राम, गोल्डन इमेजमध्ये नोंदणी करूनच बसवणं. मग त्या साच्यातून निघालेल्या सगळ्या मशीन एकच ओळखक्रमांक सांगतात आणि शंभर डेस्कटॉपचे आकडे एकाच नावाखाली गोळा होतात.

सरासरीवर तर माझा अजिबात विश्वास नाही. जेवणाच्या सुट्टीत तुटलेलं सत्र पुन्हा जोडणं हे लॉगिन नव्हे, कारण तिथे प्रोफाइल, पॉलिसी काहीच नव्याने चढत नाही. समजा १० नोंदींपैकी ८ अशा जोडण्या आहेत, प्रत्येकी ५ सेकंदांच्या, आणि २ खरी लॉगिन आहेत, ९५ सेकंदांची. सरासरी २३ सेकंद. यातलं कोणीही २३ सेकंद थांबलेलं नाही. आधी जोडण्या वेगळ्या काढाव्यात आणि मग १०० पैकी ९५ जण किती वेळात आत आले ते बघावं.

सकाळची गर्दी वेगळीच. सगळे एकाच सुमारास येतात आणि डिस्कपाशी रांग लागते. डेन्मार्कचे गणितज्ञ एर्लांग यांनी १९०९ मध्ये टेलिफोनच्या कॉलवरून अशा गर्दीचं गणित मांडायला सुरुवात केली. त्यातून पुढे विकसित झालेलं सर्वांत साधं, एका खिडकीच्या रांगेचं सूत्र घेतलं, तर खिडकी ५० टक्के गुंतलेली असताना एका कामाला रांगेसकट दुप्पट वेळ लागतो, ८० टक्क्यांना पाचपट, ९० ला दहापट, ९५ ला वीसपट. म्हणून दुपारी १२ वाजता केलेली चाचणी सकाळी ९ बद्दल काहीच सांगत नाही. रात्रीच पुरेशा मशीन चालू करून ठेवल्या, तर निदान त्या सुरू होण्याचा भार तरी या रांगेतून कमी होतो.

म्हणून सकाळच्या गर्दीतच मी तक्रार करणाऱ्याच्या शेजारी स्टॉपवॉच घेऊन बसतो. एंटर दाबलं तो क्षण आणि पहिली फाइल खरोखर उघडली तो क्षण, एवढे दोनच टिपतो. मग ते ब्रोकरच्या आणि मशीनच्या नोंदींशेजारी मांडतो. जे सेकंद कुठल्याच नोंदीत सापडत नाहीत, तिथून पुढचा तपास सुरू होतो.