तारीख आहे, साल नाही: जुन्या नाट्यपत्रकांच्या नोंदींची पार्श्वभूमी

मराठी नाटकांच्या जुन्या हस्तपत्रकांवर वार, तारीख, वेळ, थिएटर आणि तिकिटांचे दर ठळक अक्षरांत आढळतात. साल मात्र पुष्कळदा छापलेलेच नसते. छापणाऱ्याचे त्यात काही चुकले नव्हते, कारण शनिवारच्या खेळाचे पत्रक रविवारी रद्दीच होई. १८५३ मध्ये मुंबईच्या ग्रँट रोडवरील थिएटरात मराठी नाटके होऊ लागली, पण त्या काळचा कागद क्वचितच हाती लागतो. संग्राहकांचा खरा व्यवहार आहे तो संगीत नाटकाच्या भरभराटीतल्या आणि नंतरच्या पत्रकांशी, तिकिटांशी व पदांच्या पुस्तिकांशी.

वाद आहे तो अनुमानाने काढलेले साल नोंदीत लिहावे की नाही, याचा. जे छापलेले नाही ते लिहू नये, असे एका पक्षाचे म्हणणे आहे आणि ते वरवर निर्दोष वाटते. परंतु त्यामुळे शेकडो पत्रके ‘साल नाही’ या एकाच गठ्ठ्यात पडून राहतात. वार आणि तारीख यांचा मेळ ५, ६ किंवा ११ वर्षांनी पुन्हा जमतो, म्हणून ‘शुक्रवार, ता. ८ जुलै’ एवढ्यावरून १९२१, १९२७, १९३२ आणि १९३८ ही सगळी साले संभवतात. मात्र त्याच कागदावर संयुक्त ‘मानापमाना’चा, म्हणजे ललितकलादर्श आणि गंधर्व या दोन नाटक मंडळ्यांनी मिळून केलेल्या ‘मानापमान’ नाटकाच्या खेळाचा, उल्लेख असेल, तर १९२१ शिवाय दुसरे साल उरत नाही, कारण त्या खेळात नायक धैर्यधराची भूमिका करणारे केशवराव भोसले त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वारले. तिथी छापलेली असेल, तर जुने पंचांगही असाच निवाडा देते. असे साल चौकटी कंसात, कारणासह लिहिणे हा दुसऱ्या पक्षाचा आग्रह आहे आणि तोच अधिक उपयोगाचा आहे.

उत्तरकाळातील कागदाला खुणा अधिक असतात. करमणूक कराचा कायदा १९२३ चा असल्याने कराचे तिकीट चिकटवलेला तुकडा त्याआधीचा नसतो. दर आण्यांत असतील, तर तो बहुधा एप्रिल १९५७ पूर्वीचा ठरतो. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल, तर १९७२ नंतरचा. बोलपटांच्या रेट्याने फिरत्या मंडळ्या बसल्या आणि पुढे प्रयोगांच्या जाहिराती मुख्यतः वर्तमानपत्रांत गेल्या, तेव्हा साल शोधण्याचे काम सोपे झाले. पण कात्रण कापताना अंकाची तारीख कापून टाकणारेही कमी नव्हते.

स्कॅनिंग सुरू झाल्यावर जुना वाद नव्या रूपात उभा राहिला. चित्र मोबाइलवरून फिरते, चौकटी कंस आणि त्यामागचे कारण मागे राहते, आणि अनुमान छापील पुराव्यासारखे उद्धृत होते. पाठची बाजू तर अनेकदा स्कॅनच होत नाही, जरी छापखान्याचे नाव किंवा एखाद्या प्रेक्षकाने शाईने लिहिलेले साल तिथेच असण्याचा संभव असतो. म्हणून आता छापील तारीख, अनुमानित साल आणि अनुमानाचे कारण असे तीन स्वतंत्र रकाने ठेवून तो मजकूर चित्राच्या खालच्या पट्टीतच बसवण्याचा मार्ग सुचवला जातो.