शेजारी देशांशी वीजव्यवहार : परवानगी कोणाला, कागद कोणते?

नोव्हेंबर 2021 मध्ये नेपाळची वीज पहिल्यांदा आपल्या वीजबाजारात विक्रीला आली, ती जेमतेम 39 मेगावॅट. त्रिशूली केंद्राची 24, देवीघाटची 15. परवानगी मिळते ती देशाला नाही, तर एकेका केंद्राला आणि तीही ठरावीक मेगावॅटपुरती. ही दोन्ही केंद्रं भारताच्या मदतीने उभी राहिलेली. पहिला नंबर त्यांचाच लागावा यात नवल नाही.

युरोपात देशोदेशींचे बाजार थेट जोडले आहेत. आपण मात्र अर्ज तपासून आत घ्यायचं ठरवलं. त्याचा आधार म्हणजे ऊर्जा मंत्रालयाची 2018 ची मार्गदर्शक तत्त्वं आणि केंद्रीय वीज नियामक आयोगाचे 2019 चे विनियम. अर्ज जातो 'नियुक्त प्राधिकाऱ्या'कडे, म्हणजे केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या विद्युत प्रणाली सदस्यांकडे. त्यांची कार्यपद्धती फेब्रुवारी 2021 मध्ये आली.

शेजारी देशातल्या कंपनीला आपल्या एक्स्चेंजवर, म्हणजे वीजबाजारात, थेट बोली लावता येत नाही. भारतातला परवानाधारक ट्रेडर, म्हणजे वीज व्यापारी, तिच्या वतीने परवानगी काढतो आणि व्यवहार करतो. भारतातून कोळशाची वीज बाहेर विकायची तर ती शिलकीची हवी; कोळसाही आयातीचा, स्पॉट ई-लिलावात (ऑनलाइन बोलीने) घेतलेला किंवा व्यावसायिक खाणीतला.

अर्जात केंद्राची माहिती, किती मेगावॅट, किती काळ, कोणत्या वाहिनीवरून, खरेदी-विक्रीचा करार हे सगळं लागतंच. पण घोडं अडतं ते मालकीच्या तपशिलावर. भारताला लागून सीमा असलेल्या, पण ज्याच्याशी आपला वीज सहकार्य करार नाही अशा तिसऱ्या देशाची मालकी केंद्रात निघाली, तर बाजाराचं दार बंद. नियमात नाव कुणाचंच नाही, तरी रोख चीनकडे आहे हे काठमांडूत कुणालाही विचारा. भागीदारांची यादी आधी नीट तपासा, मगच फॉर्म भरा.

मंजुरी आली म्हणजे वीज वाहू लागली असं नाही. वाहिनीवर जागा लागते : दीर्घ मुदतीसाठी केंद्रीय पारेषण कंपनीकडे, अल्प मुदतीसाठी राष्ट्रीय भार प्रेषण केंद्राकडे (देशाच्या ग्रिडवर लक्ष ठेवणारं नियंत्रण केंद्र) मागायची. मग वेळापत्रक, 15-15 मिनिटांचं, दिवसाचे 96 तुकडे. ठरल्यापेक्षा कमीजास्त झालं तर त्याचा हिशेब वेगळा. नेपाळ, भूतान, बांगलादेशासाठी तो एनटीपीसी विद्युत व्यापार निगम ही एनटीपीसीची वीज व्यापार कंपनी बघते.

एका शेजाऱ्याची वीज भारतामार्गे तिसऱ्या देशात न्यायची तर त्रिपक्षीय करार हवा. नेपाळ-बांगलादेशाचा 40 मेगावॅटचा असा करार 3 ऑक्टोबर 2024 ला काठमांडूत झाला. वीज द्यायचा हंगाम दरवर्षी 15 जून ते 15 नोव्हेंबर. प्रत्यक्षात पहिली वीज गेली 15 नोव्हेंबरला, म्हणजे त्या वर्षीचा हंगाम एका दिवसात आटोपला. पुढची वीज जून 2025 मध्ये.