कोठडीत टाकल्याने मुलगा सुधारतो का?

"बिघडलेल्या पोराला चार महिने आत टाका, सुतासारखा सरळ होतो," असा मजकूर विदर्भातील गावोगावच्या ग्रुपवर वर्षानुवर्षे फिरत असतो. विहिरीवरील मोटारीची केबल कापून, ती जाळून आतले तांबे भंगारात विकणारा पंधरा वर्षांचा मुलगा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे पटणे स्वाभाविक आहे. शिवाय सुटून आल्यावर असा मुलगा सुरुवातीला गप्पही असू शकतो. खरी पडताळणी मात्र वर्षा-दोन वर्षांनी करावी लागते.

अमेरिकेत १९७० च्या दशकापासून मुलांना तुरुंगात नेऊन धाक घालण्याचे कार्यक्रम राबवले गेले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडून तुलना केली, तेव्हा एकंदरीत धाक घातलेल्या गटाकडूनच पुढे अधिक गुन्हे घडल्याचे दिसले. कठोर कोठडीत तर शाळा सुटते, घर दुरावते, मारहाणीने राग साचतो आणि संगत मिळते ती सराईतांची. केबल चोरणारा तिथे कुलूप उघडायला शिकतो.

याचा अर्थ मुलाला मोकळे सोडावे असा नव्हे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे कलम १० आणि १८ कोणालाही वाचता येते: अठरा वर्षांखालील मुलाला पोलीस कोठडीत ठेवण्यास मनाई आहे, पण समुपदेशन, समाजसेवा, पालकांकडून दंड, गरज पडल्यास विशेष गृह (गुन्हा केलेल्या मुलांना ठेवून सुधारण्याची संस्था), हे सर्व त्यात आहे.